हाराखालची खूण

छातीवर काहीतरी होतं. चिंचेचा कोळ बोटांना लावून दिशा मूर्ती घासत होती. खांद्यावरून दंडाकडं, दंडावरून मांडीत एकावर एक ठेवलेल्या पंजांकडं, आणि मधेच छातीच्या बरोबर मध्यावर तिचं बोट अडखळलं. चिंचेचा चोथा असेल म्हणून तिनं मूर्ती नळाखाली धरली. चोथा गेला, खूण राहिली. शंकरपाळ्याच्या आकाराची, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, आत बारीक पाकळ्या असलेली. टवका नव्हे, ओरखडा नव्हे. ज्यानं मूर्ती ओतली त्यानं जाणूनबुजून उठवलेली. खिडकीतून रविवारचं ऊन सिंकवर पडलं होतं आणि त्या उन्हात ती खूण अशी निवांत चमकत होती, की तिथं ती आहे हे सगळ्या जगाला ठाऊक असावं आणि एका दिशालाच तेवढं कळवायचं राहून गेलं असावं. तिनं नळ बंद केला. हातातलं पितळ एकदम जड झालं, कुणाचं तरी मूल चुकून आपल्या कडेवर आल्यासारखं.

तिला ती खूण माहीत होती, हेच तर जिवाला लागणारं होतं. ती काम करायची त्या लॅबच्या भिंतीवर दर साली एका औषधविक्रेत्याची दिनदर्शिका लागत असे आणि तिच्यावर दर साली तेच चित्र: मांडी घालून बसलेले भगवान महावीर, छातीवर ही पाकळ्यांची खूण, बैठकीवर सिंह. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगरत असताना दुसरं काही करायला नसतं, म्हणून दिशा त्या चित्राकडं बघत उभी राहायची. म्हणजे डोळ्यांना सगळं ठाऊक होतं. बैठकीवरचा सिंह तर तिनं फोटोतही पाहिला होता आणि स्वतःला समजावलं होतं, सिंह आपलाच की, सारनाथचा. अंगावर चीवराची रेघ नाही हेही दिसलं होतं, आणि तेव्हा म्हटलं होतं, झिजली असेल, जुनी मूर्ती आहे. काचपट्टीवरच्या पेशी डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई. डॉक्टर म्हणायचे, दिशाताईंनी बघितलं म्हणजे परत बघायला नको. त्या बाईनं महावीरांना बुद्ध समजून लिलावात बोली लावली, जिंकली, घरी आणलं आणि वडिलांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. वडील रोज सकाळी त्यांच्यासमोर हात जोडून त्रिसरण म्हणत होते. आत्ता ते खाली फिरायला गेले होते आणि कुठल्याही क्षणी लिफ्टचं दार वाजलं असतं.

लिलाव म्हणजे तसा काही मोठा नव्हता. ‘आपला ठेवा’ नावाचा फोनवरचा गट. त्यात तांब्याचे हंडे, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी चुलत्याचा ग्रामोफोन. वस्तूचा फोटो पडायचा, लोक खाली आकडे टाकायचे आणि वेळ संपताना ज्याचा आकडा वर त्याची वस्तू. दिशा नुसती बघायची. मग बारामतीत, भिगवण रस्त्याच्या अंगाला, तिचं स्वतःच्या नावावरचं घर झालं. सुताराकडून तिनं हॉलमध्ये एक कोनाडा करून घेतला आणि तेव्हापासून ती बघण्याऐवजी शोधायला लागली. लोणी भापकरच्या घरात ती वाढली तिथं बुद्धांची कागदाची तसबीर होती, काचेच्या आत कसर शिरलेली. वैशाखी पौर्णिमेला आई ती काच पुसायची आणि म्हणायची, एकदा चांगली जड मूर्ती घेऊ. नेहमी काहीतरी जास्त गरजेचं निघायचं. आधी दिशाचं शिक्षण, मग घराचा पत्रा, मग आईचंच दुखणं. आई गेली आणि मूर्ती राहिली ती राहिलीच. म्हणून भवानीनगरच्या यशराज नावाच्या पोराचा तो फोटो आला, निळ्या कापडापुढं मिटलेले डोळे, लांब कान, गळ्यात झेंडूचा भरघोस हार, खाली ‘जुनी बुद्धमूर्ती, पंचधातू’, तेव्हा दिशाचं भान सुटलं. दुसरं कुणीतरी सारखं आकडा चढवत होतं आणि तिचा अंगठा थांबेना. जिंकल्यावर ती लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन एकटीच हसत बसली होती. वडिलांना, नानांना, फोटो पाठवला तर संध्याकाळी उत्तर आलं, ‘छान’. नानांचं ‘छान’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं पानभर कौतुक.

नाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. बारामतीच्या स्थानकातल्या खिडकीमागं जन्म गेला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ध्वनिक्षेपकावर सांगण्यात. घरीसुद्धा ते तसंच बोलत. स्पष्ट, मोजकं आणि एकदाच. ज्यानं ऐकलं नाही त्याची गाडी गेली. शाळा सुटली की दिशा स्थानकात येऊन त्यांच्या खिडकीखाली बसायची, आणि एकदा एका म्हातारीनं तिला विचारलं होतं, इंदापूरची हीच का गं बाळा. नियंत्रकाची पोर म्हणून दिशानं तोऱ्यात मान हलवली. गाडी नीरेची होती. नानांनी ती फाटकाशी थांबवली, म्हातारीला हात धरून उतरवलं, तिचं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिला दुसऱ्या गाडीत बसवून आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “पाटी वाचल्याबिगर सांगायचं न्हाय.” बस, एवढंच. ओरडले असते, एक धपाटा दिला असता, तर ती रडून मोकळी झाली असती. ते वाक्य तिच्यात राहायला आलं आणि परत गेलंच नाही. परीक्षेत पेपर दोनदा तपासताना, रिपोर्टवर सही करताना, एका मुलाला लग्नाला नकार देताना, आणि पुढं तो भला निघाला हे कळल्यावर जास्तच, ते तिला ऐकू यायचं. नानांना सगळं दिसतं, आपल्याला निम्मं, असं तिनं कधीतरी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि आता ही मूर्ती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात कुठल्या देवाला हात जोडलेले नाहीत. नाना तर शेजारच्यांचा प्रसादही नम्रपणे परत करत. त्या माणसाला आपण कुणापुढं बसवलं होतं.

लिफ्टचं दार वाजलं. दिशानं मूर्ती पुसली, कोनाड्यात ठेवली आणि फ्रीजमधली पांढऱ्या शेवंतीची माळ काढून तिच्या गळ्यात अशी घातली की छाती झाकली जाईल. नाना आत आले, चपला एका रेषेत ठेवल्या, कोनाड्याकडं बघून म्हणाले, “चकाकली की.” मग स्वयंपाकघरात चहा प्यायला गेले. त्या दिवसापासून घरातली सकाळ तिला नकोशी झाली. नाना पांढरा सदरा घालून सतरंजीवर बसायचे, बुद्धं सरणं गच्छामि म्हणायचे, आवाज भरदार, खास त्यांच्या धंद्यातला. आणि ती ओट्याशी उभी राहून त्या माळेवर नजर ठेवायची. फुलं सुकली की नाना उठायच्या आधी नवी माळ. पोळी करपायची. आपण काही चोरलेलं नाही हे स्वतःला कितीही सांगितलं तरी चोराचा जीव जसा खालीवर होतो तसा तिचा होत होता. आणि मजा अशी, की ज्यांच्यामुळं हे चाललं होतं ते महावीर मात्र डोळे मिटून इतके शांत बसले होते की कधीकधी तिलाच वाटायचं, बसू देत ना, कुणाचं काय बिघडतंय. पण बिघडत होतं. नानांच्या तोंडचे शब्द एका पत्त्यावर निघत होते आणि दुसऱ्याच पत्त्यावर पोचत होते. ते फक्त तिला माहीत होतं.

यशराजला तिनं लॅबच्या जिन्यातून फोन केला. वाक्यं आधी जुळवली होती. चूक कुणाकडूनही होते, मूर्ती घेऊन जा, विषय संपवू. तो आधी गोड बोलला. “मॅडम, डोळे मिटल्यात, कान लांब हायत, मांडी घातलीय. मग बुद्ध न्हाय तर कोण?” तिनं खुणेचं सांगितलं. त्याचा आवाज बदलला. बोली लावली ती लावली, माल परत घ्यायची पद्धत नाही. वर म्हणाला, “तुमच्या लोकांना बुद्ध पायजे आसतोय म्हणून तर निळं कापड लावलं. तुमच्यासाठीच काढलेला फोटो व्हता त्यो.” दिशानं फोन ठेवला. तुमच्या लोकांना. तो शिवी देऊन बोलला नव्हता, गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसा बोलला होता, आणि म्हणून ते जास्त खोल गेलं. आपल्या आईची वर्षानुवर्षांची इच्छा कुणीतरी लांबूनच ओळखली होती, तिच्या मापाचं कापड फाडलं होतं आणि मागं टांगलं होतं. दुसऱ्या दिवशी गटावर त्याचा मजकूर पडला: बोली लावून माघार घेणाऱ्यांपासून सावध राहा, खाली तिचं नाव. लॅबमधल्या निकितानं तो हळूच दाखवला आणि विचारलं, “ताई, हे तुम्हीच का?” दिशा हो म्हणाली आणि काचपट्टीवर वाकली. भिंगाखाली सगळं लाल आणि गोल दिसत होतं, पण एकही पेशी ओळखू येईना.

तेव्हा गटाचे प्रमुख सावळाराम आबा मधे पडले. आबांचा जन्म बारामतीच्या गूळबाजारात आडत करण्यात गेला होता. म्हातारपणी हौस म्हणून त्यांनी हा गट काढला होता आणि तो ते गूळबाजारासारखाच चालवत. त्यांचा फोन आला. “ताई, हितं ल्ह्यायची-बोलायची भांडणं आमी ठिवत न्हाय. ढेपेची तक्रार आली की ढेप पंचांपुढं आणायची आन् फोडायची, ही आमची रीत. भिगवणला या. तुमाला बी जवळ, त्येला बी जवळ. माझ्या वळखीचं हाटेल हाय. माल घिऊन या.” गुरुवारी तिनं रजा काढली. पिशवीत जाड टॉवेल घालून तिनं मूर्ती ठेवायला घेतली तर नाना सदरा चढवून दाराशी उभे. “भिगवणला चाललीयस ना. मीबी येतो. लई दिवसांत मासळी खाल्ली न्हाय.” नाना आणि भिगवणची मासळी हे जुनं प्रकरण होतं; नोकरीत असताना त्या मार्गाची तपासणी लागली की ते आनंदानं जात. नाही कसं म्हणणार. पिशवीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. कोनाडा रिकामा होता, तो त्यांनी बघितलाही असेल.

गाडी तीच चालवत होती. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालले होते आणि त्यांच्यामागं रखडताना बोलण्याशिवाय दुसरं काही उरत नाही. एकदा ती म्हणाली, नाना, मला सांगायचंय, आणि मग गिअर बदलला. दुसऱ्यांदा पाण्याची बाटली मागितली. शेवटी एका ट्रॉलीच्या मागच्या उसाच्या शेंड्यांकडं बघत तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. खूण, फोन, तुमच्या लोकांना, गटावरचं नाव, शेवंतीच्या माळा. माळांचं सांगताना आवाज फुटला. नाना समोर बघत होते. मांडीवर पिशवी होती, ती त्यांनी कधी मागच्या सीटवरून उचलून घेतली ते तिला कळलंही नव्हतं. ती त्या एका वाक्याची वाट बघत राहिली. पाटी वाचल्याबिगर. ट्रॉली वळली, रस्ता मोकळा झाला, भिगवणच्या पाट्या यायला लागल्या, तळलेल्या मासळीचा वास काचेच्या फटीतून आत आला, आणि तेव्हा कुठं नाना बोलले.

“कोण म्हणलीस? महावीर?”

“हो.”

“आन् त्यास्नी घिऊन मासळीच्या हाटेलात चाललीस व्हय?”

दिशानं हॉटेलाच्या दाराशी गाडी कडेला घेतली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. लवादाच्या, अब्रूच्या, वाक्यांच्या नादात ती जीवहत्येच्या नुसत्या नावानं व्यथित होणाऱ्या त्या पुरुषाला रश्श्याच्या पातेल्यांमधून मिरवत नेऊन मिठाच्या वाटीशेजारी ठेवणार होती. आबांच्याही डोक्यात आलं नव्हतं, यशराजच्याही नाही. नानांनी दार उघडलं, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुलिंबाखालच्या पारावर जाऊन बसले. “तू जा आत. आमी हितं बसतो,” म्हणाले. आमी. तिला हसू आलं. नानांचा चेहरा वाचायचा तिनं प्रयत्न केला, पण त्यांनी तो वाऱ्याच्या दिशेकडं वळवला होता. हॉटेलातला धूर आपल्याकडं येतो का ते बघत होते.

आत कोपऱ्यातल्या टेबलावर आबा बसले होते, धोतर, कडक टोपी, पुढ्यात तळलेल्या चिलापी मासळीची ताटली. समोर यशराज, फोनपेक्षा बराच लहान दिसणारा, नखं खात. “माल कुठाय?” आबांनी विचारलं. दिशानं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. “माझे वडील घेऊन बसलेत. इथं मासळी आहे म्हणून आत आणत नाहीत.” आबांनी बाहेर बघितलं, मग पुढ्यातल्या ताटलीकडं बघितलं आणि ती हळूच बाजूला सरकवली. “आरं माझ्या कर्मा,” ते पुटपुटले. “मी त्या दोशी वहिनींनाबी हितंच बोलावलंय. माल फिरला तर त्यास्नी पायजे.” इंदापूरच्या लीलाबाई दोशी, लिलावात दिशाच्या खालोखाल ज्यांचा आकडा होता त्या. म्हणजे सारखा आकडा चढवणारं ते दुसरं कुणीतरी.

आबांनी रीत सांगितली. आधी विकणाऱ्यानं सांगायचं त्यानं काय बघितलं, मग घेणाऱ्यानं; मधे कुणी कुणाला तोडायचं नाही. यशराजनं घसा साफ केला. इंदापुरातल्या, जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या एका मोडवाल्याकडून त्यानं मूर्ती घेतली होती. “मला बुद्धच वाटला, आबा. आईशप्पत. खोटं कशाला बोलू.” आबा म्हणाले, “आन् हार?” यशराजचं नख परत दातात गेलं. बाहेरून एक ट्रक गेला. “छातीवर टवका उडालाय आसं वाटलं,” तो टेबलाकडं बघत म्हणाला. “ओतकामातला डाग. गिऱ्हाईक पैसं पाडून मागंल म्हणून झेंडू घातला.” दिशाला बोलायची घाई झाली होती, सगळी वाक्यं ओठांवर होती, आणि ती तिथंच थिजली. झेंडू घातला. तिनं शेवंती घातली होती. त्यानं गिऱ्हाइकापासून लपवलं, तिनं वडिलांपासून. त्यानं एकदा, तिनं रोज ताजी फुलं आणून. समोरच्या पोराचा राग तिच्या आत जिथं रोज पेटत होता तिथं तिनं बघितलं, तर राख होती, थोडी ऊबदार. पण एक निखारा होता, आणि तो तिनं राहू दिला.

“मीपण बुद्धच बघितला,” ती म्हणाली. “सिंह दिसला, चीवर दिसलं नाही, तरी बघितला. तो माझा दोष. पण यशराज, तुम्ही म्हणालात, तुमच्या लोकांना बुद्ध लागतो म्हणून निळं कापड लावलं. मूर्ती परत करून ते वाक्य परत जात नाही.” तिचा आवाज तिलाच नवा वाटला. स्पष्ट, मोजका. आबांनी मान वर केली आणि पोराकडं असं बघितलं की त्यानं नखं खायची थांबवली. “तसं मनात न्हवतं,” तो म्हणाला, मग थांबला आणि म्हणाला, “आसंल मनात. धंद्यात बोलतो आमी तसं. चुकलं, ताई.” मॅडमची ताई झाली. आबांनी तळहात टेबलावर आपटला, गूळबाजारात सौदा तुटला की आपटत असावेत तसा. “डाग झाकला म्हंजी ढेप बाद. माल परत, पैसं परत. आन् गटावर जे ल्ह्यलंय ते तू आत्ता काढायचं, आन् त्याच जागी आपलं नाव घालून चूक ल्ह्यायची. मी बघतोय.” यशराज खाली मान घालून फोनवर टाइप करायला लागला. दिशाचा जीव भांड्यात पडला.

खिडकीतून तिनं बाहेर बघितलं. पाराशेजारी एक गाडी उभी होती आणि नानांच्या शेजारी, मधे मूर्ती ठेवून, एक ठेंगणी म्हातारी बसली होती. फिकट सुती साडी, नाकावर रुमाल. दिशा बाहेर गेली. मूर्तीवरचा टॉवेल काढलेला होता, छातीवरची खूण उघडी होती, आणि दोघं जुन्या ओळखीचे असावेत तसे बोलत होते. लीलाबाई सांगत होत्या, फोन नातीच्या हातात होता, मी सिंह बघितला आणि म्हटलं चढव गं आकडा, आणि मग नात म्हणाली आता पुरे आजी. “मग तुम्ही गटावर सांगितलं का नाही, की हे महावीर आहेत?” दिशानं विचारलं. त्या म्हणाल्या, “बोली हरल्यावर काय सांगायचं बाई? चिडून बोलते असं झालं असतं. म्हटलं, कुणीतरी एवढ्या हौसेनं नेतंय. नीट ठेवतील.” मग नानांकडं वळून, जरा काळजीनं, “नीट होते ना?”

नाना म्हणाले, “रोज सकाळी फुलं. पुढं बसून पंचशील म्हणत व्हतो.”

“त्यात पहिलं काय येतं?”

“जीवहत्या करणार न्हाय.”

“आमच्यातही पहिलं तेच,” लीलाबाई म्हणाल्या आणि एवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी मांडीवर एक धुतलेलं पांढरं वस्त्र पसरलं. मंदिरात विचारून मग ठरवू कुठं बसवायचं ते, म्हणाल्या. नाना उभे राहिले. सदऱ्याला हात पुसले, मूर्ती उचलली आणि बाळ पाळण्यात ठेवावं तशी, आधी बूड, मग पाठ, त्या वस्त्रावर ठेवली. त्यांनी हात जोडले नाहीत, पण लगेच मागंही सरले नाहीत. क्षणभर तसेच वाकून राहिले. “जयभीम, वहिनी,” म्हणाले. “जय जिनेंद्र,” म्हातारी म्हणाली. यशराज धावत येऊन गाडीचं दार धरून उभा राहिला, लीलाबाई मूर्ती घेऊन आत बसल्या, आबा टोपी नीट करत मागून आले, आणि आकड्यांचं जे काय बोलायचं ते त्या तिघांनी गाडीच्या खिडकीशीच बोलून घेतलं. दिशाला ते ऐकायचंही नव्हतं. रिकामा टॉवेल तिच्या हातात होता, त्याला पितळेचा वास येत होता, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिला उद्याच्या सकाळची भीती वाटत नव्हती.

गाडी इंदापूरच्या दिशेनं निघाली. नाना रस्त्याकडं बघत उभे राहिले. ती म्हणाली, “नाना, चला, जेवू या.” ते म्हणाले, “थांब. जाऊ दे त्यांची गाडी लांब.” गाडी वळणाआड गेली, धूळ बसली, आणि मग ते भराभर रस्ता ओलांडून हॉटेलात शिरले, हात धुतले आणि पोऱ्याला न विचारता खिडकीजवळची जागा धरली.

मासळी आली. नाना जेवताना बोलत नाहीत, म्हणून ती वाट बघत राहिली. सगळं मिटलं होतं, गटावर नाव धुऊन निघालं होतं, तरी एक गोष्ट अजून मिटायची होती आणि ती या टेबलावर होती. नानांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा काढला. मग ताटाकडं बघतच म्हणाले, “तू फोटो धाडला तवा मी बोटानं मोठा करून बघितला व्हता. नीट. परत परत. मग छान म्हणून कळवलं.”

दिशाचा घास हातात राहिला.

“मलाबी न्हाय कळलं,” नाना म्हणाले. “तू तर दिवसभर कामाला जातीस. मी रोज समोर बसत व्हतो.”

ते एवढं साधं बोलले, फलाट बदलला असं सांगावं तसं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. पांढऱ्या भुवया, गालावर राहून गेलेला दाढीचा एक खुंट, रश्श्यानं तांबडी झालेली बोटं. या माणसाला सगळं दिसतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? त्यांनी तर कधीच नाही. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि ते इतकी वर्षं तिथं होतं हे तिला ते उतरल्यावरच समजलं. तिनं घास तोंडात घातला. फार तिखट होता आणि फार चांगला लागला.

“आता दुसरी मूर्ती शोधायची म्हणजे,” ती थोड्या वेळानं म्हणाली, “परत काही भलतंच घरात आलं तर?”

“आता दोघं बघू की.”

“आणि दोघांनाही नाही कळलं तर?”

नानांनी रश्श्याची वाटी उचलली, तिच्यावर फुंकर घातली. “तर दोघं मिळून चुकू,” म्हणाले आणि वाटी तोंडाला लावली.